पाण्याखालचा सातबारा

जावा बेटाच्या उत्तर किनाऱ्यावरील सेमारांग हे इंडोनेशियातील एक महत्त्वाचे बंदर. या शहराच्या पूर्वेला, देमाक जिल्ह्याच्या सायुंग तालुक्यात तिंबुलस्लोको नावाचे एक खेडे आहे. ‘तिंबुल’ म्हणजे वर येणे, पृष्ठभागावर प्रकट होणे. नावातच हा शब्द बाळगणारे हे गाव गेली दोन-तीन दशके नेमक्या उलट दिशेने, म्हणजे समुद्राच्या पोटात चालले आहे. जगाच्या दृष्टीने ते नगण्य आहे. इंडोनेशियातील हजारो खेड्यांपैकी एक, एवढीच त्याची शासकीय नोंद. तथापि हवामानबदल, भूजलाचा उपसा, महाकाय बांधकामांचा सोस आणि जमिनीच्या मालकीचा कायदा हे चारही प्रश्न या चिमुकल्या गावात एकत्र आले आहेत. त्यामुळे त्याची दखल घेणे अगत्याचे ठरते.

गावातील रस्ते आता रस्ते राहिलेले नाहीत. घराघरांना जोडणारे लाकडी फळ्यांचे अरुंद साकव हीच तिथली आळी, तोच बोळ आणि तेच मुलांचे अंगण. पूर्वी जिथे दुचाकी जात असे तिथे होडी लागते. घरांची तऱ्हा याहून विचित्र आहे. पाणी घरात शिरू लागले तेव्हा लोकांनी भराव टाकून जमीन उंच केली. काही वर्षांनी तीही बुडाली, तेव्हा पुन्हा भराव टाकला. छप्पर उचलून घ्यायला मात्र पैसा नव्हता. परिणामी जमीन वर येत गेली आणि छप्पर होते तिथेच राहिले. भराव टाकणे परवडेनासे झाले, तेव्हा घराच्या आतच खांबांवर फळ्यांचा तराफ्यासारखा मजला बांधला गेला. आज अनेक घरांत मोठ्या माणसाला दारातून वाकून जावे लागते आणि खिडक्या गुडघ्यांच्या पातळीवर आल्या आहेत. फळ्यांच्या खाली भरतीचे पाणी खेळत असते. या भरतीच्या पुराला तिथे ‘रोब’ म्हणतात. एकेकाळी तो अधूनमधून येणारा पाहुणा होता, आता तो घरचाच झाला आहे. गावचे कबरस्तानही भरतीत बुडू लागले, तेव्हा ग्रामस्थांनी माती आणून ते उंच केले. जिवंतांच्या घरांसाठी भराव परवडत नसताना मृतांसाठी मात्र तो केला गेला, ही गोष्ट त्या समाजाविषयी बरेच काही सांगते.

हा सारा प्रदेश मुळात समुद्राकडून मिळालेला आहे, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. पंधराव्या शतकाच्या अखेरीस उदयाला आलेली देमाकची सल्तनत ही जावावरील पहिली मुस्लिम राजसत्ता. रादेन पताह हा तिचा संस्थापक मानला जातो. त्या काळी देमाक हे भरभराटीचे सागरी ठिकाण होते आणि मुरिया पर्वत हे जावापासून एका सामुद्रधुनीने वेगळे झालेले बेट होते. नद्यांनी आणलेल्या गाळाने पुढच्या शतकांत ही सामुद्रधुनी बुजली, देमाक समुद्रापासून दूर गेले आणि जिथे गलबते चालत तिथे भातशेती पिकू लागली. डच गव्हर्नर जनरल डान्डेल्स याने १८०८ पासून जावाच्या पश्चिम टोकापासून पूर्वेपर्यंत बांधून घेतलेला सुमारे एक हजार किलोमीटरचा टपालमार्ग याच पट्ट्यातून गेला. २०२४ च्या फेब्रुवारी आणि मार्चमध्ये नद्यांचे बांध फुटून देमाक परिसर जलमय झाला, तेव्हा ‘मुरियाची सामुद्रधुनी परत आली काय?’ असा प्रश्न इंडोनेशियातील वृत्तपत्रे गंभीरपणे विचारू लागली. शास्त्रज्ञांनी ती शक्यता नजीकच्या काळापुरती फेटाळली. पण असा प्रश्न लोकांच्या मनात यावा, यातच या भूमीचे कच्चेपण दिसते. ती भूशास्त्रीय हिशेबाने कालची आहे. मऊ, पाणी धरून ठेवलेल्या चिकणमातीची आहे आणि स्वतःच्या भारानेही ती दबते.

तिंबुलस्लोकोतील वयस्क मंडळी भाताच्या खाचरांच्या आणि नारळीच्या झाडांच्या आठवणी सांगतात, त्या फार जुन्या काळातील नाहीत. १९८० च्या दशकात कोळंबीला परदेशात मोठी मागणी आली. सरकारनेही मत्स्यतळ्यांना उत्तेजन दिले. किनाऱ्यावरील खारफुटी तोडून तळी खोदण्यात आली आणि टायगर कोळंबीने काही वर्षे गावाला चांगले दिवस दाखवले. नंतर रोगराईने कोळंबी मरू लागली. तोवर लाटांचा जोर पेलणारी झाडे गेलेली होती. एका बाजूला तळ्यांचे मातीचे बांध आणि दुसऱ्या बाजूला मोकळा समुद्र, अशी ही विषम लढत होती. बांध फुटला की खाऱ्या पाण्याचे काय होते, हे रायगड-रत्नागिरीच्या खारपट्ट्यातील शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको. फरक इतकाच की, कोकणात फुटलेला खारबांध दुरुस्त केल्यास निदान जमीन जागेवर सापडते. तिंबुलस्लोकोत बांधाच्या आतली जमीनही खाली गेलेली असते.

कारण खरा घाव समुद्राने घातलेला नाही. जगातील समुद्राची पातळी सध्या वर्षाला सरासरी चार-साडेचार मिलिमीटरने वाढते आहे. सेमारांग आणि देमाकच्या किनाऱ्यावरची जमीन काही ठिकाणी वर्षाला आठ ते दहा सेंटिमीटरने खचते आहे. म्हणजे समुद्र जितका वर येतो, त्याच्या सुमारे वीसपट वेगाने जमीन खाली जाते. याचे प्रमुख कारण भूजलाचा उपसा हे आहे. सेमारांगचे उद्योग, बंदरालगतच्या औद्योगिक वसाहती, हॉटेले आणि वाढती लोकवस्ती खोल विहिरींतून पाणी ओढतात. मातीच्या कणांमधले पाणी गेले की ती माती दबते आणि एकदा दबलेली चिकणमाती पुन्हा फुगत नाही. नळाचे पाणी पुरेसे न पोहोचलेल्या किनाऱ्यावरच्या खेड्यांनाही पिण्यासाठी अशाच खोल विहिरींचा आधार आहे. या अर्थाने गावकरीही आपल्या पायाखालची माती थोडीफार उपसत आहेत. पण कारखान्याचा उपसा आणि हंडाभर पाणी यांना एकाच तागडीत घालणे हा शहाजोगपणा झाला. २३ मे २०२२ रोजी सेमारांगच्या तांजुंग एमास बंदराजवळचा बांध फुटून कारखाने पाण्यात गेले आणि हजारो कामगारांना कमरेएवढ्या पाण्यातून वाट काढावी लागली, तेव्हा या व्यवहाराची परतफेड शहरालाही करावी लागते हे दिसले. तिंबुलस्लोकोत मात्र ती रोजच्या भरतीला केली जाते.

‘हवामानबदलामुळे बुडणारे गाव’ ही तिंबुलस्लोकोची जगभर छापली जाणारी ओळख त्यामुळे अर्धसत्य आहे, असे म्हणावे लागेल. हे अर्धसत्य सर्वांच्या सोयीचे आहे. हवामानबदल म्हटले की दोष साऱ्या जगावर जातो आणि म्हणून कोणावरच जात नाही. भूजलाचा उपसा म्हटले की परवाने कोणी दिले, मीटर कोणी तपासले नाहीत, पर्यायी पाणी कोणी पुरवले नाही, असे स्थानिक आणि अडचणीचे प्रश्न सुरू होतात.

शेजारच्या बेदोनो गावाचे उदाहरण तिंबुलस्लोकोच्या डोळ्यांसमोर आहे. बेदोनोच्या तांबाकसारी या वाडीतील बहुतेक कुटुंबांना १९९९ च्या सुमारास, तर सेनिक या वाडीतील कुटुंबांना २००६ मध्ये अन्यत्र हलवावे लागले. ही विस्थापने फारशी गाजली नाहीत. सेनिकच्या जागी आता खारफुटीचे रान आहे आणि बगळ्यांची वस्ती आहे. तांबाकसारीजवळ शेख अब्दुल्ला मुद्झाकिर यांचा दर्गा पाण्याने वेढलेल्या अवस्थेत टिकून आहे. भाविक लाकडी-सिमेंटच्या पुलावरून किंवा होडीने तिथे जातात. काही थोडी कुटुंबे मागे राहिली, ती या दर्ग्याच्या आणि खारफुटीच्या आश्रयाने. गाव गेले पण यात्रा चालू राहिली, हा प्रकार सरकारी पुनर्वसनाच्या कोणत्याही नमुन्यात बसणारा नाही.

तिंबुलस्लोकोला वाचवण्याचा एक प्रयत्न झाला आणि तो खरोखर कौतुकास्पद होता. डच आणि जर्मन साहाय्याने, वेटलँड्स इंटरनॅशनल ही संस्था, इकोशेप हा डच तज्ज्ञांचा समूह आणि इंडोनेशियाची सागरी व्यवहार व सार्वजनिक बांधकाम मंत्रालये यांनी मिळून देमाकच्या सुमारे २० किलोमीटर किनाऱ्यावर २०१५ ते २०२१ या काळात ‘निसर्गाच्या साथीने बांधकाम’ हा प्रकल्प राबवला. त्याचे पहिले प्रयोग त्याआधीच तिंबुलस्लोको परिसरात झाले होते. कल्पना साधी होती. समुद्रात खांबांच्या दोन समांतर रांगा रोवायच्या आणि मधली जागा फांद्या-काटक्यांनी भरायची. पक्की भिंत लाटेला परतवते आणि पायथ्याची माती उकरून काढते. काटक्यांचे कुंपण पाणी आत येऊ देते, लाटेचा जोर मोडते आणि तिच्याबरोबर आलेला गाळ मागे ठेवून घेते. गाळ साचला की खारफुटीचे बी आपोआप रुजते. हॉलंड-जर्मनीच्या वाडेन समुद्रकाठचे शेतकरी शतकानुशतके अशीच जमीन मिळवत आले आहेत. त्याच्या जोडीला मत्स्यशेतकऱ्यांसाठी शेतीशाळा घेण्यात आल्या. तळ्याचा काही भाग खारफुटीसाठी सोडून उरलेल्या भागात कमी खर्चाचे उत्पादन कसे घ्यावे हे तिथे शिकवले गेले आणि अनेकांचे उत्पन्न त्यामुळे वाढले. डिसेंबर २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी जगातील दहा आदर्श पुनरुज्जीवन प्रकल्पांत या प्रकल्पाचा समावेश केला.

गौरव रास्त होता, पण समुद्राला त्याची वार्ता नव्हती. उष्ण पाण्यातील लाकूड पोखरणाऱ्या किड्यांनी खांब खाल्ले. पुढे सिमेंट भरलेले प्लास्टिकचे नळ खांब म्हणून वापरावे लागले. कुंपणामागे गाळ साचला खरा, परंतु त्याखालची जमीन अपेक्षेपेक्षा अधिक वेगाने खचत राहिली. वर्षाला काही सेंटिमीटर मिळवायचे आणि तितकेच किंवा त्याहून अधिक गमवायचे, असा तो हिशेब होता. प्रकल्प राबवणाऱ्यांनी ही गोष्ट लपवली नाही, हे त्यांच्या श्रेयाचे मानले पाहिजे. भूजलाचा उपसा थांबल्याशिवाय किनारा सावरणार नाही, असे त्यांनी स्वतःच नमूद केले. तो थांबवणे मात्र त्यांच्या अखत्यारीत नव्हते. खांबांवर हिरव्या शिंपल्या वाढतात आणि गावकरी त्या काढून विकतात, हा या सगळ्यातला अनपेक्षित लाभ.

काटक्यांच्या कुंपणानंतर आता काँक्रीटची पाळी आहे. सेमारांग-देमाक हा सुमारे २७ किलोमीटरचा टोल महामार्ग दोन टप्प्यांत बांधला जात आहे. सायुंग ते देमाक हा दुसरा टप्पा आधी पूर्ण झाला आणि तत्कालीन अध्यक्ष जोको विडोडो यांनी २५ फेब्रुवारी २०२३ रोजी त्याचे उद्घाटन केले. सेमारांगमधील कालिगावे ते सायुंग हा पहिला टप्पा थेट समुद्रातून, मऊ गाळावर बांबूच्या चटयांचे थरावर थर टाकून उभारला जात असून तो रस्ता आणि समुद्रबांध अशी दुहेरी कामगिरी बजावणार आहे. तो २०२७ मध्ये पूर्ण करण्याचे उद्दिष्ट जाहीर झाले आहे. बांधाच्या आत येणारे कारखाने, राष्ट्रीय महामार्ग आणि वस्त्या यांना संरक्षण मिळेल यात शंका नाही. पण बांधाला आत आणि बाहेर अशा दोन बाजू असतात. बेदोनो आणि तिंबुलस्लोकोच्या ज्या वस्त्या समुद्राच्या बाजूला राहतात, त्यांच्यावर परावर्तित लाटांचा आणि अडलेल्या पाण्याचा ताण वाढेल, ही तिथल्या मच्छीमारांची भीती आहे आणि ती अनाठायी म्हणता येत नाही.

हा केवळ आरंभ आहे. विद्यमान अध्यक्ष प्रबोवो सुबियांतो यांनी बांतेनपासून पूर्व जावातील ग्रेसिकपर्यंत ५०० किलोमीटरहून अधिक लांबीची समुद्रभिंत बांधण्याचा मनोदय २०२५ मध्ये जाहीर केला. खर्च सुमारे ८० अब्ज डॉलर आणि मुदत दीड-दोन दशके. त्यासाठी ऑगस्ट २०२५ मध्ये उत्तर जावा किनाऱ्याचे स्वतंत्र प्राधिकरणही नेमण्यात आले. ज्या किनाऱ्यावर ही भिंत उभी राहायची, तो किनारा खचतो आहे. म्हणजे भिंतही खचणार, ती पुनःपुन्हा उंच करावी लागणार आणि मागे साचणाऱ्या नद्यांच्या पाण्याचा कायम उपसा करावा लागणार. जपानमधील तोक्यो शहरात गेल्या शतकात जमीन अशीच खचत होती. तिथे भूजलाच्या उपशावर कठोर निर्बंध आले आणि उद्योगांना नद्यांचे पाणी पुरवले गेले, तेव्हा खचणे जवळपास थांबले. हे काम भिंतीपेक्षा स्वस्त आहे, परंतु त्याची कोनशिला बसवता येत नाही.

या साऱ्यात तिंबुलस्लोकोच्या रहिवाशांचे सर्वांत मोठे नुकसान कागदावर होते आहे. इंडोनेशियाच्या १९६० च्या मूलभूत जमीन कायद्यातील २७ व्या कलमानुसार जमीन ‘मुस्नाह’, म्हणजे नष्ट झाली की तिच्यावरील मालकीहक्कही संपुष्टात येतो. २०२१ च्या शासकीय नियमांनी ही कल्पना अधिक तपशिलाने मांडली. नैसर्गिक घटनांमुळे जमिनीचे रूप बदलले, तिच्या सीमा ओळखता येईनाशा झाल्या आणि ती वापरण्याजोगी राहिली नाही, तर ती नष्ट ठरवता येते. मूळ मालकाला ठरावीक मुदतीत स्वखर्चाने भराव घालून ती परत मिळवण्याचा अग्रहक्क आहे. ज्याला घराचे छप्पर उंच करता आले नाही, त्याने समुद्रात भराव घालावा, अशी ही उदार तरतूद!

टोल महामार्गाच्या मार्गात आलेल्या सायुंग परिसरातील बुडीत जमिनींच्या बाबतीत हा प्रश्न ऐरणीवर आला. लोकांच्या हातात प्रमाणपत्रे होती, पण प्रमाणपत्रातील जमिनीवर पाणी होते. सर्वसाधारण भूसंपादनात मिळतो तो मोबदला येथे लागू होत नव्हता. २०२२ मध्ये अध्यक्षांच्या आदेशाने अशा लोकांसाठी ‘केरोहिमान’ निधीची तरतूद झाली. या शब्दाचे मूळ मराठी वाचकांनाही परिचित असलेल्या ‘रहीम’ या अरबी शब्दात आहे. अर्थात मोबदला नव्हे, तर दयेपोटी दिलेले साहाय्य. मोबदला हा हक्क असतो आणि त्याच्या रकमेसाठी न्यायालयात जाता येते. दया मात्र देणाऱ्याच्या मर्जीवर आणि त्याच्या दराने मिळते. शिवाय मूळ प्रश्न उरतोच. माणसांनी पाणी उपसल्यामुळे जमीन खचली असेल, तर तिचे नष्ट होणे ‘नैसर्गिक’ कसे? कायद्याच्या या एका शब्दावर शेकडो कुटुंबांची पिढीजात मत्ता अवलंबून आहे. आणि महामार्गाच्या मार्गात नसलेल्या घरांना तर दयाही लागू होत नाही.

याच कायद्याचे दुसरे टोक जानेवारी २०२५ मध्ये साऱ्या इंडोनेशियाला दिसले. जाकार्ताजवळच्या तांगेरांग किनाऱ्यावर समुद्रात तीस किलोमीटरहून लांब बांबूचे कुंपण उभे असल्याचे उघडकीस आले आणि कोहोद गावासमोरच्या पाण्यावर २६३ बांधकाम-हक्क प्रमाणपत्रे दिली गेल्याचे निष्पन्न झाले. तिथे पूर्वी तळी होती, ती समुद्राने खाल्ली, असा युक्तिवाद करण्यात आला. सरकारने ‘नष्ट जमिनी’च्याच तत्त्वाचा आधार घेऊन ही प्रमाणपत्रे रद्द करण्यास सुरुवात केली आणि ते योग्यच झाले. परंतु बड्यांच्या कंपन्यांना समुद्रावर कागद मिळतो आणि तिंबुलस्लोकोच्या मच्छीमाराला स्वतःच्या घराखालच्या पाण्यावर तो टिकवता येत नाही, हा विरोधाभास जनतेच्या नजरेतून सुटला नाही.

मग लोक गाव सोडत का नाहीत? ज्यांची ऐपत होती, त्यांनी ते केव्हाच सोडले. मागे राहिलेल्यांपैकी पुरुष होडीवर जातात किंवा सेमारांग-सायुंगच्या कारखान्यांत मजुरी करतात. तेच कारखाने, ज्यांच्या विहिरींविषयी वर सांगितले. बुडालेले घर विकत घेणारा कोणी नसतो आणि ते विकल्याशिवाय दुसरीकडे जागा घेता येत नाही. दूर आत वस्ती दिली तर होडी कुठे बांधायची, हाही प्रश्न असतोच. महिलांची स्थिती आणखी बिकट आहे. देमाक जिल्ह्यात मच्छीमार महिला नवऱ्याबरोबर समुद्रावर जातात, तरी ओळखपत्रावर त्यांचा व्यवसाय ‘गृहिणी’ असाच नोंदला जात असे. त्यामुळे मच्छीमारांच्या संरक्षणासाठी २०१६ मध्ये झालेल्या कायद्याखालील विम्यासारख्या सवलतींपासून त्या दूर राहिल्या. ‘पुस्पिता बाहारी’ या स्थानिक महिला संघटनेने ही नोंद बदलून घेण्यासाठी प्रदीर्घ लढा दिला आणि काही महिलांना ‘मच्छीमार’ ही ओळख मिळवूनही दिली. इथेही पुन्हा झगडा कागदावरच्या एका शब्दाचाच होता.

जाकार्ता खचू लागली तेव्हा इंडोनेशियाने २०२२ मध्ये कायदा करून बोर्निओत नवी राजधानी उभारायला घेतली. तिंबुलस्लोकोसाठी अशी कोणतीही योजना नाही. गावाचे संपूर्ण पुनर्वसन, कुणाच्या जागेवर आणि कुणाच्या खर्चाने, याचे उत्तर जिल्हा, प्रांत आणि केंद्र यांच्यात अद्याप फिरते आहे. तोवर घराघरातील फळ्या सडतात आणि पुन्हा बसवल्या जातात. हा खर्च बहुतांशी गावकऱ्यांच्याच खिशातून होतो आणि ८० अब्ज डॉलरच्या आराखड्यात त्यासाठी रकाना नाही.